पान हिरवं आहे, मग गवत ताणात कसं?

कुरण तर हिरवंगार दिसतंय, मग समुद्री गवत ताणात आहे हे जनुकांवरून कसं ठरवता? आणि त्यासाठी नेमकं कुठलं जनुक तपासायचं? तुम्ही विचारलंत म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: एका जनुकावर भागत नाही. कुठलं जनुक यापेक्षा नमुना कधी घेतला, याला जास्त महत्त्व आहे.

पाणी तापलं की पेशीतल्या प्रथिनांच्या घड्या उलगडू लागतात. एरवी एचएसपी७० आणि एचएसपी९० ही मदतनीस प्रथिनं (एचएसपी म्हणजे उष्मा-आघात प्रथिनं) उष्मा-आघात घटकांना, म्हणजे जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनांना, धरून ठेवतात. आता ती त्या उलगडलेल्या प्रथिनांकडे धावतात. मोकळे झालेले घटक तिघे-तिघे एकत्र येतात, डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतात आणि आणखी एचएसपी बनवायला लावतात. म्हणजे एचएसपीची वाढ ही आधी दुरुस्ती चालू असल्याची खूण आहे. लोक तिला थेट धोक्याची घंटा समजतात, तिथेच चुकतं.

झोस्टेरा मरीना या समुद्री गवताच्या जातीवरचा २०११ सालचा एक अभ्यास इथे उपयोगी आहे. उत्तर आणि दक्षिण युरोपातल्या झाडांना सारखीच कृत्रिम उष्णतेची लाट दिली. लाट चालू असताना दोन्हीकडच्या जनुकांचा प्रतिसाद बराचसा सारखा होता. पाणी पुन्हा थंड झाल्यावर मात्र दक्षिणेकडच्यांची जनुकं पूर्वपदावर आली, उत्तरेकडच्यांची भरकटलेलीच राहिली. फरक सावरताना दिसला, तापताना नाही.

उष्णता एकटी येत नाही. तापलेल्या पाण्यात श्वसन प्रकाशसंश्लेषणापेक्षा वेगाने वाढतं. त्यात पाणी गढूळ असलं तर दिवसा पुरेसा ऑक्सिजन बनत नाही आणि रात्री मुळं गुदमरतात. मग अल्कोहोल डिहायड्रोजनेजसारखी किण्वनाची, म्हणजे ऑक्सिजनविना ऊर्जा मिळवण्याची, जनुकं चालू होतात. चिखलातला हायड्रोजन सल्फाइड मुळांत शिरला तर श्वसनसाखळीतलं शेवटचं विकर, सायटोक्रोम ऑक्सिडेज, बंद पाडतो. पान अजून हिरवंच असतं! म्हणून पानासोबत मूळही तपासा.

जमिनीवरच्या झाडांची चिन्हक-यादी, म्हणजे ताण दाखवणाऱ्या जनुकांची यादी, उचलून इथे लावू नका. झोस्टेरा मरीनाचा जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचा आराखडा, २०१६ साली आला, तेव्हा दिसलं की पर्णरंध्रांची, इथिलीन बनवण्याची आणि ओळखण्याची, तसंच यूव्ही-बी ओळखण्याची जनुकं ही जात गमावून बसली आहे. इथिलीनचं चिन्हक सापडलं नाही, तर दोष तुमच्या प्रायमरचा (जनुक हुडकायला वापरतात त्या डीएनएच्या छोट्या तुकड्याचा) नसेल.

आता नमुन्याचं. जनुक किती चालू आहे, हे त्याच्या आरएनए-प्रतींवरून मोजतात. सगळ्या ठिकाणी दिवसाची एकच वेळ आणि शक्यतो पाण्याची एकच खोली ठेवा. प्रकाशसंश्लेषणाची आणि उष्मा-आघाताची बरीच जनुकं घड्याळाप्रमाणे वरखाली होतात. पान बुडाकडून वाढतं, टोक सर्वांत जुनं; म्हणून प्रत्येक रोपाच्या त्याच क्रमांकाच्या पानाचा मधला तुकडा घ्या. पानावर बसलेला शेवाळाचा थर बोथट पात्याने खरवडून काढा. त्यातल्या डायटमांनाही (एकपेशीय शैवालांनाही) एचएसपी७० असतं आणि तुलनेसाठी वापरला जाणारा १८एस आरएनएही असतो, त्यामुळे प्रायमर काटेकोर नसतील तर मोजमाप भलत्याचंच होतं. तुकडा लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. ते शक्य नसेल तर तुकड्याच्या दहापट आरएनए-संरक्षक द्रवात बुडवा, रात्रभर ४ अंशांवर ठेवा आणि मग उणे २० वर हलवा. तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको, द्रव आत पोहोचत नाही.

आरएनए काढताना साधं किट पुष्कळदा फसतं, कारण पानात फिनॉलं आणि शर्करा भरपूर असतात. ६५ अंशांचा सीटीएबी बफर (पेशी फोडणारं साबणासारखं द्रावण), त्यात फिनॉलं धरून ठेवणारं २ टक्के पीव्हीपी, आणि शेवटी लिथियम क्लोराइडने रात्रभर अवक्षेपण ही जुनी पद्धत वेळखाऊ आहे, पण भरवशाची. आरएनएची शुद्धता दाखवणारं २६०/२३० गुणोत्तर (त्या दोन तरंगलांबींच्या शोषणाचं) १.८च्या बरंच खाली आलं तर पुढे जाऊ नका, पुन्हा धुवा. संदर्भ-जनुक, म्हणजे ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना करायची ते स्थिर जनुक, एकच घेऊ नका. निदान तीन घ्या आणि तुमच्याच ताणाखाली ती स्थिर राहतात का, ते आधी पडताळा.

सोबत पॅम फ्लोरोमीटर, म्हणजे पानाच्या प्रकाशसंश्लेषणाची क्षमता मोजणारं उपकरण, ठेवा. पान दहा-पंधरा मिनिटं अंधारात ठेवून मोजलेलं एफव्ही/एफएम, म्हणजे त्या क्षमतेचा आकडा, निरोगी रोपात साधारण ०.७ ते ०.८ भरतं. ते घसरण्याआधीच जनुकं हललेली असू शकतात.

दोनच फेऱ्यांचा खर्च परवडत असेल, तर एक पाणी तापण्याआधी करा आणि दुसरी पाणी निवल्यावर दोन-तीन आठवड्यांनी. ऐन उष्णतेतली फेरी सोडावी लागली तरी चालेल.