सोनोग्राफी नसेल तर मी सेंट्रल लाईन का टाकत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून. सेंट्रल लाईन म्हणजे खोलातल्या मोठ्या शिरेत घालायची नळी; सोनोग्राफीत ती शीर पडद्यावर दिसते. भुसावळ, चोपडा, शिरपूर, कुठूनही बोलावणं आलं की शेवटी हेच: "मॅडम, इतकी वर्षं भूल देताय आणि सोनोग्राफी मशीन नाही म्हणून लाईनला नाही म्हणता?" घाबरलात, असंही एकानं सुनावलं.

हो, घाबरले. आधी मीही अंदाजानंच टाकायचे. गळपट्टीच्या हाडाखाली बोट, सुईचा रोख गळ्याच्या खाचेकडे. कितीतरी नीट गेल्या.

कपाशीच्या फवारणीचे दिवस होते. पंचविशीतला मुलगा, औषध अंगात भिनलेलं, व्हेंटिलेटरवर, बीपी ऐंशीच्या खाली. बीपी वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनसाठी लाईन हवी होती. दोनदा रक्त आलं नाही. तिसऱ्यांदा सिरिंजमध्ये हवा आली. सुई फुप्फुसाला लागली, हे मला तेव्हाच कळलं होतं, तरी मनाला सांगितलं, सिरिंज सैल असेल. चौथ्यांदा लाईन गेली. एक्स-रे यायच्या आत व्हेंटिलेटरचा प्रेशर अलार्म वाजायला लागला. मानेवर हात ठेवला तर कातडीखाली करकर. मी पाडलेल्या भोकातून यंत्र दर श्वासाला छातीत हवा कोंडत होतं. बीपी लागेना. बरगड्यांमधून सुई घालून हवा काढली, मग नळी टाकली. त्या रात्री वाचला. पाचव्या दिवशी गेला.

बाहेर त्याची माय बसलेली. "मना आंडोरले काय व्हयनं?"

विष जास्त होतं, म्हणाले. खोटं नव्हतं. फुप्फुसाचं बोलले नाही.

विषानं गेला की माझ्या सुईनं, हे मला आजही ठरवता येत नाही. हवा आली तिथेच थांबायला हवं होतं. हाताच्या चांगल्या शिरेतून काही तास नॉरअ‍ॅड्रेनालिन चाललं असतं. तेव्हा आमच्याकडे तसं कुणी देत नसे, असं मी स्वतःला समजावते. पण मांडीची शीर तर होती ना! तिथं फुप्फुस नाही.

सोनोग्राफीनं सगळं टळतं असं मी म्हणत नाही. सुईचं टोक पडद्यावर हरवलं की धमनी तशीही टोचली जाते. नळी जिच्यावरून सरकवतात त्या तारेवरची पकड सुटली तर अख्खी तार आत जाते. जंतुसंसर्ग वेगळाच. आणि छोट्या हॉस्पिटलला मशीन ठेवायचं तर १९९४च्या गर्भलिंग कायद्याखाली नोंदणी, कागदपत्रं; त्यांचीही अडचण मला कळते.

गेल्या पावसाळ्यात शिरपूरचा एक पेशंट मी असाच, लाईन न टाकता, धुळ्याला पाठवायला लावला. नरडाण्याजवळ त्याचं बीपी पडलं. पोचला तेव्हा नाडी जेमतेम लागत होती. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "लाईन का नाही टाकली?"

त्यांनाही मी काही सांगितलं नाही.