लेन्स गेली नव्हती

तुमचा जुना सीडी प्लेअर घरी रेकॉर्ड केलेली सीडी वाचत नसेल, तर तो उचलून दुकानात नेण्याआधी डिस्कवरची बारीक अक्षरं वाचा. एकदाच लिहिता येणारी सीडी-आर आहे की पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू? मी वाचली नाहीत. माझे एकोणीस दिवस गेले.

मामांनी १९८९ साली दुबईहून आणलेला फिलिप्सचा प्लेअर माझ्याकडे आहे. त्यात टीडीए १५४१ए ही १६ बिटांची डॅक चिप, म्हणजे सीडीवरच्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी. जुन्या हाय-फायवाल्यांत तिला भारी मान, आणि वर मुकुटाचा छाप असेल तर भाव आणखी चढतो. माझ्या चिपवर मुकुट नाही, झाकण उघडून पाहिलंय. यंदा दिवाळीत ईएसएस ९०३८ चिपवाला एक चिनी डॅक घेतला, हेच काम करणारा हाताच्या पंजाएवढा वेगळा डबा. पहिल्याच संध्याकाळी किशोरीताईंची सीडी लावली, तर तानपुऱ्याची जवारी कुणी वेगळी काढून हातात दिल्यासारखी वाटली. मामांचा प्लेअर विकायची जाहिरात मनात लिहूनही झाली.

मुलगी म्हणाली, "बाबा, नवीनवाला फक्त जोरात वाजतोय."

हे लागलं, कारण ते खरं असू शकत होतं. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक कानाला 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही, 'स्वच्छ', 'मोकळा' असा कळतो. म्हणजे आधी दोन्हींचा आवाज मोजून सारखा करणं आलं. बाकी जोडणी सोपी होती. प्लेअरच्या डिजिटल आउटमधून कोॲक्स केबल नव्या डॅकला, डॅकच्या तारा ॲम्प्लिफायरच्या एका इनपुटला, प्लेअरच्या स्वतःच्या ॲनालॉग तारा दुसऱ्या इनपुटला. एकच सीडी एकाच वेळी दोन्ही डॅकमधून येते, आपण फक्त खटका फिरवायचा.

मोजायला सलग एका सुराची सीडी हवी. लॅपटॉपवरच्या ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये ३०० हर्ट्झचा सूर बनवला, मित्राकडून यूएसबी ड्राइव्ह आणला (आताच्या लॅपटॉपला सीडीचं तोंडच नसतं), आणि ड्रॉवरच्या तळाशी सापडलेल्या डिस्कवर लिहिला. प्लेअरमध्ये घातली. गरगर फिरली, थांबली, पुन्हा फिरली, एरर.

इथे मी दुसरी कुठलीही सीडी लावून बघायला हवी होती. नाही बघितली. प्लेअर चादरीत गुंडाळला आणि दादरहून स्लो लोकलने ग्रँट रोड गाठलं. लॅमिंग्टन रोडच्या आसपास असली कामं करणारे अजून आहेत. त्यातल्या एकाने माझीच डिस्क आत घातली, मान हलवली.

"लेन्स गेली, साहेब. ही आता मिळत नाही. बघतो."

बघतो म्हणजे काय ते पुढे कळलं. चौथ्या दिवशी फोन केला, तर "चोर बाजारात एकाला सांगून ठेवलंय." आठव्या दिवशी तो माणूस गावाला गेला होता. बाराव्या दिवशी लेन्स सापडली होती पण 'मॅच' होत नव्हती, आणि खर्च साडेचार हजार सांगितला. पंधराव्या दिवशी फोनच उचलला नाही. मी ऑफिसात बसून परदेशी दुकानांतले सुट्या लेन्सचे भाव बघत होतो आणि घरी नव्या डॅकचं कौतुक करत होतो, बहुधा स्वतःची समजूत घालायला.

एकोणिसाव्या दिवशी न सांगता गेलो. मालक बाहेर, दुकानात फक्त पोऱ्या. आणि माझ्या प्लेअरवर मजेत हिंदी गाणी चाललेली!

"ही कशी वाजते मग?"

"ही ओरिजिनल आहे ना, काका. तुमचीच वाजत नाही."

मी माझी डिस्क उजेडात धरली. आरडब्ल्यू. छापील सीडीचा पृष्ठभाग निदान ७० टक्के प्रकाश परत पाठवतो, आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के. ही जात आली १९९७ साली. त्याआधीच्या प्लेअरला ती अंधारात वाचायला देण्यासारखं आहे. मालक आला, त्याने "लेन्स वीक तर आहेच" म्हणत 'चेकिंग'चे ३०० रुपये घेतले. दिले. संध्याकाळच्या गर्दीत ते धूड घेऊन लोकलमध्ये चढायची हिंमत नव्हती, टॅक्सीचे वेगळे. निघताना शेजारच्या गल्लीतून सीडी-आर तेवढी घेतली.

आवाज सारखा करायचा म्हणजे दोन्ही डॅकमधून निघणारे व्होल्ट मोजायचे, त्याला लागणाऱ्या मल्टिमीटरचंही आत्ता आठवलं. घरात असतो तो स्वस्तातला पिवळा मीटर इथे निरुपयोगी, त्याची सगळ्यात खालची एसी रेंजच २०० व्होल्टांची. दोन व्होल्ट मोजायला लहान रेंजचा मीटर लागतो. एक किलोहर्ट्झचा सूरही साध्या मीटरना नीट मोजता येत नाही, म्हणून ३०० हर्ट्झ. आणि मोजताना ॲम्प्लिफायर बंद ठेवा, नाहीतर शेजारी दार वाजवतील.

जुना २.०१ व्होल्ट, नवा २.२७. म्हणजे साधारण एक डेसिबल. नव्याचा व्हॉल्यूम अर्ध्या डेसिबलच्या दोन पायऱ्या उतरवला. मग मुलीने माझ्या पाठीमागे उभं राहून २० वेळा खटका फिरवला. माझे ११ बरोबर आले. नाणं उडवूनही आले असते.

आतली पद्धत इतकी वेगळी असून हे ऐकू येऊ नये, याचं मला अजून नवल वाटतं. जुनी चिप १६ बिटांतल्या प्रत्येकाचा विद्युतप्रवाह वेगळा ठेवते आणि लागतील तेवढे जोडते. नवी थोड्याच पातळ्या प्रचंड वेगाने बदलते आणि त्यातून होणारी खरखर कानाच्या पट्टीबाहेर ढकलते. पण सीडीवर १९८२ पासून आहेत तेच सेकंदाला ४४,१०० नमुने, तेच १६ बिट. नव्या चिपची जास्तीची ऐपत तिथे वापरायला काही उरतच नाही. हां, याच जुन्या चिपभोवतीचा ओव्हरसॅम्पलिंग फिल्टर (नमुन्यांच्या मधल्या जागा भरून काढणारा) काढून बनवलेले डॅक 'उबदार' म्हणून विकले जातात. त्यांत २० किलोहर्ट्झला तीन डेसिबलहून जास्त घट असते; तो फरक खरा आहे, पण तो चिपचा नाही.

आता सीडी मामांच्या प्लेअरवर, लॅपटॉपचं गाणं नव्या डॅकवर. परवा दुकानातून मेसेज आला: 'साहेब लेन्स आली आहे. कधी येता?'