भुंग्याच्या अंगावरचे माईट ओळखताना

उसाच्या बांधावर तूर फुलली की करवीर तालुक्यात भुंगे, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या मोठ्या माश्या, बघायला लांब जावं लागत नाही. डिसेंबरात उन्हं वर यायच्या आत पोचलं तर ते देठाला धरून गारठलेले असतात, आणि उडायच्या आधी अंग तापवायला जागच्या जागी थरथरत राहतात. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठे फोटो, काढणाऱ्याला तेवढीच काय ती सवड. अशाच एका मादीचा फोटो घरी कॉम्प्युटरवर मोठा करून बघत होतो, तर छाती आणि पोट यांच्या मधल्या खाचेत पिवळट दाणे दिसले. पराग केसांवर कसेही विस्कटून पडतात. हे मात्र एकमेकांना खेटून, रांग धरल्यासारखे बसले होते. आणखी मोठं केल्यावर एकदोघांचे पाय दिसले.

(रुईवर भुंगे टिपणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथून परतणाऱ्या भुंग्याच्या पायांना कधीकधी पिवळ्या चपट्या पिशव्या जोडीनं लटकलेल्या दिसतात, मधे काळसर चिमट्यासारखा तुकडा. ते रुईचे परागपुंज असतात, किडा नव्हे.)

मोबाईलवरच्या ॲपनं ‘कीटक’ एवढंच उत्तर दिलं, तेही चूक. माईट हे कोळ्यांचे भाऊबंद, प्रौढाला पाय आठ. पाटगावकडं मधमाश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्या एका मित्राला फोटो पाठवला, तर त्याचा तडक फोन. “व्हरोआच की ओ! लांब ठेवा माझ्या पेट्यांपासून.” व्हरोआ हा मधमाशीवर जगणारा माईट, त्यामुळं त्याची धास्ती समजण्यासारखी आहे. मधमाशी आणि माईट हे दोन शब्द एकत्र आले की मधपाळाला दुसरं काही सुचत नाही. पण मला ते पटेना. व्हरोआ खेकड्यासारखा आडवा पसरलेला असतो, लांबीपेक्षा रुंदी जास्त: साधारण १.१ मिलिमीटर लांब आणि १.६ रुंद, रंग तांबूस तपकिरी. माझे दाणे उभट आणि फिके होते. उभट म्हटलं तर मधमाशीवरचा दुसरा माईट, ट्रोपिलेलॅप्स, तोही उभट असतो, पण त्याचं मूळ घर आग्यामोहोळ. शिवाय हे दोघेही वाढतात ते मधमाशीच्या पोळ्यातल्या अळ्यांवर, आणि भुंग्याला पोळंच नसतं. मादी वाळक्या लाकडात बोगदा कोरते, अळीपुरता पराग-मधाचा गोळा ठेवते आणि भुशाची भिंत घालून पुढचं घर करते. माईट ओळखायचा तर आधी तो कुणाच्या अंगावर आहे हे बघावं, मग अंगावर नेमका कुठं आहे ते, आणि त्याचं रूप सगळ्यात शेवटी. आपण बहुतेक जण उलट्या टोकानं सुरू करतो.

पण रूप बघायला फोटो तरी तेवढा मोठा हवा. ॲपर्चर रिंग असलेली जुनी ५० मिलिमीटरची लेन्स होती, ती कॅमेऱ्यावर उलटी बसवायची ठरवलं. त्यासाठी विकतची रिंग मागवण्यापेक्षा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेतली: ॲल्युमिनियमची, एका बाजूला ५२ मिलिमीटरचे आटे, पाऊण मिलिमीटर पिचचे. लेथवाल्या मामांनी विचारलं, “ह्ये कशाला लागतंय?” म्हटलं, भुंग्याच्या अंगावरचे किडे बघायला. त्यांनी वर बघितलं. “घरात म्हाईत हाय काय?” आटे मात्र एकदम बिनचूक पाडून दिले.

उलट्या लेन्सचा एक फायदा म्हणजे फोकस मागंपुढं सरकून करावा लागतो, त्यामुळं मोठेपणा ठरलेला राहतो. त्याच जोडणीत स्टीलच्या फुटपट्टीचा एक फोटो काढून ठेवला की एका मिलिमीटरला किती पिक्सेल ते कळतं, आणि मग माईटही मोजता येतो. माझे दाणे अर्ध्या मिलिमीटरच्या आतले निघाले. खरी कटकट फ्लॅशची. भुंग्याचं पोट बुटाच्या पॉलिशसारखं चकाकतं आणि माईट त्या पांढऱ्या डागात हरवतो. ट्रेसिंग पेपरचे दोन थर, त्यांच्यात बोटभर अंतर, एवढ्यावर ते निभावलं.

जिवंत भुंग्यावर याच्या पुढं जाता येत नाही. पुढची सोय झाली शिवाजी पेठेतल्या एका जुन्या वाड्यात. तिथल्या वाशात भुंग्यांची बिळं आहेत, आणि खिडकीत मेलेली मादी सापडली की वाड्यातल्या काकू ती काडेपेटीत घालून ठेवतात. वाळलेला भुंगा तसाच हाताळला तर पोट तुटून हातात येतं. म्हणून ती मादी ओल्या कापसाबरोबर रात्रभर बंद डबीत ठेवली. सकाळी सांधे सैल झाल्यावर पोट खाली वाकवलं, आणि पोटाच्या पहिल्या खंडावर, छातीकडं तोंड करून असलेल्या उभ्या भिंतीत, एक बारीक भोक दिसलं. जिवंतपणी ही बाजू छातीआड झाकलेली असते, त्यामुळं माझ्या एकाही फोटोत ती आली नव्हती. सुईनं कड हलकेच उचलली. आत पोकळी, आणि तिच्यात तपकिरी, तकतकीत, चांगले दीडदोन मिलिमीटरचे माईट, पाय आवळून एकमेकांवर रचलेले. खाचेतले पिवळट दाणे होते ते होतेच. म्हणजे एकाच भुंग्यावर दोन अगदी वेगळे माईट.

ही पिशवी म्हणजे जखम किंवा व्यंग नव्हे. काही जातींच्या भुंगा-माद्यांना ती उपजतच असते, नरांना नसते. आर. सी. एल. पर्किन्स यांनी १८९९ मध्ये तिचं वर्णन केलं. पिशवीत राहणारे माईट डायनोगॅमासस या प्रजातीचे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). भुंग्याच्या अळीच्या अंगावरचा स्राव खाऊन ते जगतात असं मानतात. बिऱ्हाडकरूसाठी घरमालकानं स्वतःच्या पोटात खोली काढून द्यावी, ही व्यवस्था मला अजून पुरती पचलेली नाही.

दोन्ही प्रकारचे नमुने स्पिरिटच्या वेगवेगळ्या कुप्यांत घालून ओळखीच्या प्राणिशास्त्राच्या सरांकडं नेले. त्यांनी माईट लॅक्टिक ॲसिडमध्ये ठेवले, त्यानं आतला भाग विरून कवच पारदर्शक होतं. मग मायक्रोस्कोपखाली फरक लख्ख दिसला. मोठ्या माईटच्या कुशीला, मागच्या पायांच्या बुडाशी, श्वासाचं छिद्र आणि तिथून पुढं गेलेली बारीक पन्हळ. लहानग्याला छिद्रही नाही आणि खायला तोंडही नाही; उलट पोटाखाली मागच्या टोकाला चिकटून राहायला चूषकांची चकती. म्हणजे ही फक्त प्रवासाची अवस्था. भुंग्याला धरून नव्या बिळात उतरायचं, तिथं कात टाकायची आणि मग पराग खायचा. भुंग्यावरचे असे प्रवासी म्हणजे सहसा सेनर्शिया.

“नाव कुठवर पाहिजे तुला?” सरांनी विचारलं.

“जातीपर्यंत मिळेल, सर?”

“आधी तुझ्या भुंग्याची जात सांग. मग बघू.”

ती मला अजून सांगता येत नाही, म्हणून दोन्ही माईटची नावं प्रजातीपाशी थांबवली आहेत. पिशवीतले डायनोगॅमासस, खाचेतले सेनर्शिया, बस्स. धूसर फोटोखाली ठोकून जातीचं दोन शब्दी नाव लिहिलेलं बघितलं की आता माझं डोकं फिरतं. पाटगावच्या मित्रालाही एवढंच कळवलं, आणि यांचा त्याच्या पेट्यांशी संबंध नाही हेही. त्याचं समाधान झालं नसावं, कारण त्यानं बरणीत मूठभर मधमाश्या आणि पिठीसाखर घालून हलवून बघितली; व्हरोआ असेल तर तसा सुटून पडतो. सातेरीत, म्हणजे आपल्याकडच्या पेटीत पाळायच्या मधमाशीत, व्हरोआ असतोच म्हणा, बघितलेलं बरं.

कुणाला असाच माईट सापडला तर भुंग्याचे निदान चार फोटो काढा: चेहरा, पंख पसरून, पाठ, आणि जमलं तर पोट वाकवून पहिल्या खंडाची पुढची भिंत. माईटचा क्लोजअप त्यानंतर. आणि कुपीत चिठ्ठी टाकायची ती पेन्सिलीनं लिहिलेली, बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये उतरते. माझ्या चिठ्ठीवर गाव, तारीख, ‘मादी’ आणि ‘पिशवीतून’ एवढं आहे. भुंग्याच्या नावाची जागा कोरी ठेवली आहे, आणि ती मादी पंख पसरून टाचणीवर वाळत घातली आहे.