पोरांची पहिली सीएसएमटी ट्रिप

काल रविवारी दोन्ही पोरांना घेऊन ठाण्याहून लोकलने सीएसएमटीला गेलो, मुद्दाम स्लो पकडली म्हणजे प्रत्येक स्टेशन बघता येईल, आणि धाकटीला खिडकी मिळाली ती एका मावशींमुळे, त्या स्वतः उठल्या आणि म्हणाल्या, "बस गं बाळा, मी रोजच बघते." पूर्ण वेळ ती खिडकीच्या गजांना धरून बसली होती, उतरल्यावर तळहात काळे आणि लोखंडाचा वास, पण धुवायला तयारच नाही.

थोरल्याला सांगितलं की 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी रेल्वे याच मार्गावर धावली, बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर, तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. त्याने लगेच विचारलं, मग आपलं ठाणे पहिलं शेवटचं स्टेशन का? काय भारी वाटलं म्हणून सांगू!

बाहेर येऊन घुमटाकडे बघत तिघंही कितीतरी वेळ उभे होतो. 2004 पासून ही इमारत जागतिक वारसा यादीत आहे, आणि मी इतकी वर्षं तिच्याखालून नुसता पळत होतो. येताना धाकटी मुलुंडलाच खांद्यावर झोपली.