तुम्ही विचारलंत म्हणून: नवा कार्बोरेटर की इंजेक्शन?

हापूस उतरायला लागायच्या सुमारास बागायतदारांना गोठ्याशेजारी उभी असलेली जुनी पेट्रोल जीप आठवते. मग फोन येतो. "कार्बोरेटर गेलाय हो. नवा आणू, की एकदाचं इंजेक्शनच करून टाकू?" कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग; इंजेक्शनमध्ये तेच पेट्रोल कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टर फवारतो. रत्नागिरीपासून राजापूरपर्यंत सगळ्यांचा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. मी म्हणतो, आधी पेट्रोलची टाकी खाली उतरवा आणि आत बॅटरी मारून बघा.

कारण आपल्याकडे गाडी चालवून जितकी खराब होते, त्याहून जास्त उभी राहून होते. आगोटीला लावलेली जीप थेट गणपतीला बाहेर निघते. चार महिने दमट हवा आणि वर खारा वारा. अर्धी भरलेली टाकी आतून घाम धरते. पूर्वी पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नसे, ते तळाशी बसायचं आणि काढून टाकता यायचं. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल आहे, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी हद्दीबाहेर गेलं की दोघं मिळून खाली उतरतात. तेच पहिल्यांदा कार्बोरेटरात येतं. फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरात पेट्रोल साठतं तिथे, पांढरी भुकटी दिसली तर समजायचं, मिश्रधातू खायला सुरुवात झाली. अशा टाकीला नवा कार्बोरेटर जोडला तर एका पावसाळ्यात तोही तसाच होणार. इंजेक्शन जोडलं तर त्याहून महागात, कारण तिथे गंज आधी पंपात आणि मग इंजेक्टरच्या बारीक भोकांत जाऊन बसतो.

टाकी ठीक असेल तर पुढचं. कार्बोरेटर खरंच गेलाय का? इंजिन स्लोवर ठेवून थ्रॉटलच्या (पाय दाबला की उघडणाऱ्या झडपेच्या) दांड्याच्या दोन्ही टोकांना थोडं ऑइल सोडा. आवाज बदलला तर दांडा झिजलाय, तिथून हवा ओढतेय. चांगला लेथवाला बुश मारून देतो आणि जुनाच कार्बोरेटर नवं किट घालून उभा राहतो. मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्बोरेटर ज्या नळीवर बसतो तिचं, गॅस्केटही असंच तपासा. आणि ठिणगीची बाजू, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, टायमिंग बघितल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावू नका. गाडी मिसिंग करते म्हणून आलेल्यांतले कितीतरी जण नुसत्या कंडेन्सरवर घरी गेलेत.

तरी नवाच घ्यायचा ठरला तर मोठा घेऊ नका. "मोठा टाकला की पिकअप येईल" हे कोण पसरवतं देव जाणे. हिशोब करून बघा. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या पेट्रोल जीपा उंच बॉनेटच्या, म्हणजे सीजे-३बी. विलिजने १९५३ मध्ये आणलेलं हे मॉडेल महिंद्राने पुढे कित्येक वर्षं इथे बनवलं. बॉनेट उंच, कारण आतलं हरिकेन इंजिनच उंच आहे: इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्टचे ब्लॉकमध्ये. एफसी-१५० पिकअपलाही हेच इंजिन. क्षमता २.२ लिटर. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणजे मिनिटाला ४००० फेऱ्यांवर ४४०० लिटर हवा. प्रत्यक्षात सिलिंडर ८० टक्क्यांच्या आसपास भरतात, म्हणजे साधारण ३५०० लिटर. याहून फार मोठ्या तोंडाचा कार्बोरेटर बसवला तर व्हेंच्युरीतून, म्हणजे त्याच्या अरुंद गळ्यातून, हवा संथ जाते आणि जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून) पेट्रोल ओढलं जात नाही. मग पेट्यांचा ट्रेलर जोडून बागेतला चढ घेताना पाय दाबला की गाडी आवंढा गिळते. मूळ मापाचाच घ्या. डुप्लिकेट माल खूप आहे, तेव्हा बटरफ्लाय (थ्रॉटलची झडप) बंद करून फट दिसते का ते उजेडाला धरून बघा आणि जेटवरचा नंबर वाचा.

नंबर कशासाठी, तर पुन्हा इथेनॉल. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुन्या जेटवर म्हणूनच इंजिन कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालतं, तापतं, प्लग पांढरा पडतो. सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरमधल्या जेटचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १२५ असेल तर १३० लावून प्लगचा रंग बघा. तपकिरी आला की थांबा. काळा आला तर पीयूसीवाला परत पाठवेल. या जुन्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. फ्लोटची सुई आणि होज इथेनॉल सोसणारेच घ्या.

घाटाचं एक सांगतो. आंबा घाटात जीप बंद पडली की लोक म्हणतात, उंचीमुळे हवा विरळ झाली. घाटमाथा समुद्रापासून सहाशे-सातशे मीटर. तेवढ्यावर मिश्रण तीन-चार टक्के जाड होतं, म्हणजे पेट्रोल तेवढं जास्त होतं, त्यात गाडी बंद पडत नाही. बंद पडते ती उष्णतेने. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगताना वारा लागत नाही, एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा, इंजिनावरच चालणारा पंप) इंजिनाला चिकटलेला, पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळून गेलेली. पंपाच्या आधीच पेट्रोलची वाफ होते. नळी लांबून फिरवा, मध्ये पत्रा लावा. यासाठी इंजेक्शनचा खर्च करायची गरज नाही.

पण इंजेक्शनला मी नावं ठेवत नाही. ऑक्सिजन सेन्सर बसवला की मिश्रण स्वतःच सांभाळतं, इथेनॉल किती आहे याची चिंता राहत नाही, भर पावसात सकाळी चोक न ओढता गाडी उठते. फक्त त्याच्यामागची यादी कोणी सांगत नाही. एसी पंप पाव बारच्या आसपास दाब देतो, इंजेक्शनला तीन बारच्या घरात लागतो. म्हणजे नवा पंप, परतीची लाइन, हाय-प्रेशर पाइप, आणि उतारावर पेट्रोल एका बाजूला गेलं तरी पंप उघडा पडणार नाही अशी टाकी. डायनॅमो असेल तर तो स्लोवर पुरेसा करंट देत नाही, अल्टरनेटर बसवावा लागतो. अर्थिंग नव्याने ओढावी लागते, कारण खाऱ्या हवेत आपले जॉइंट हिरवे पडलेले असतात. आणि भंगारातल्या कारचा ईसीयू, म्हणजे इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर, आणून लावू म्हणणाऱ्याला विचारा, क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) फिरून कुठे आलाय हे त्याला कोण सांगणार? तो त्याच्या इंजिनासाठी लिहिलेला. या इंजिनावर दात्यांची चकती आणि सेन्सर बसवून प्रोग्राम नव्याने करायला लागतो, आणि तो करणारा माणूस बहुधा पुण्या-मुंबईत असतो.

म्हणून गाडी रोज वापरात असेल, पडवीत किंवा मांगरात कोरडी राहत असेल, आणि वायरिंगपासून सगळं नवं करायची तयारी असेल, तर खुशाल इंजेक्शन करा. वर्षातून दोन महिने आंब्याला आणि एरवी लाकूडफाट्याला लागणारी जीप असेल तर मूळ मापाचा कार्बोरेटर, स्वच्छ टाकी, आणि पावसाळ्यापूर्वी कार्बोरेटरातलं पेट्रोल काढून ठेवायची सवय. कातळावर संध्याकाळी अडकलात तर जेट फुंकून साफ करता येतो.

यानंतर हमखास विचारतात, मग डिझेल इंजिनच टाकलं तर? त्याला आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते आणि आरसी बुकात इंधन बदलावं लागतं. ते कागद घेऊन या, मग बोलू.