तेहतीस कामांचा चाकू आणि एक पक्कड

जाड स्विस चाकू घ्यावा की पकडीचे मल्टीटूल (म्हणजे मुठींत अनेक अवजारे घडी होऊन राहणारी पक्कड), असे विचारणारा माणूस बहुधा दोन्हींतील अवजारे मोजूनच आलेला असतो. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या स्विसचॅम्प चाकूत ३३ कामांची सोय आहे, लेदरमन या अमेरिकी कंपनीच्या वेव्ह प्लस या मल्टीटूलमध्ये १८ अवजारे आहेत, तेव्हा चाकूच किफायतशीर ठरतो, असा त्याचा सरळ हिशेब असतो. माझे मत याच्या नेमके उलट आहे. ज्याला पकडीची गरज वारंवार पडते त्याने पकडीचे मल्टीटूल घ्यावे, ज्याला ती क्वचित पडते त्याने अवजारांच्या दोन ते चार थरांचा बारीक चाकू घ्यावा, आणि या दोहोंच्या मधला जो लठ्ठ चाकू आहे तो मोजक्या लोकांनीच घ्यावा.

चाकू लठ्ठ का होतो, हे समजण्यासाठी त्याच्या घडणीकडे पाहावे लागते. कार्ल एल्सनर याने १८८४ साली स्वित्झर्लंडमधील ईबाख या गावी चाकूंचा कारखाना काढला (तोच पुढे व्हिक्टोरिनॉक्स झाला) आणि १८९१ पासून तो स्विस सैन्याला घडीचे चाकू पुरवू लागला. शिपायाच्या त्या चाकूत एक पाते, एक दाभण, डबा उघडण्याचे साधन आणि रायफल खोलण्यासाठी एक स्क्रू ड्रायव्हर एवढाच ऐवज होता. पुढे १८९७ मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला आणि त्यात एक खरी युक्ती साधली. ती अशी, की पाठीच्या एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची अवजारे तोलून धरायची. त्यामुळे पाठीमागची जागा मोकळी झाली आणि तेथे कॉर्कस्क्रूसारखी आणखी अवजारे बसली. आजचा प्रत्येक लाल चाकू याच तत्त्वावर उभा आहे. परंतु या तत्त्वाला एक किंमत मोजावी लागते. नवे मोठे अवजार हवे असेल तर बहुधा नवा थर, म्हणजे नवी स्प्रिंग आणि नवी पत्री, घालावी लागते. मिटलेल्या चाकूची लांबी ९१ मिलिमीटर एवढीच राहते आणि वाढते ती फक्त जाडी. दोन थरांचा स्पार्टन सुमारे ६० ग्रॅमचा असतो, चार थरांचा हंट्समन ९७ ग्रॅमचा, आणि स्विसचॅम्प १८५ ग्रॅमचा व ३३ मिलिमीटर जाडीचा. त्याच्याही पुढचा स्विसचॅम्प एक्सएव्हीटी ८० हून अधिक कामे करतो म्हणे, पण त्याची जाडी साडेसहा सेंटिमीटर आहे आणि तो हातात धरल्यावर चाकू धरल्याची भावना होत नाही. वेंगर या दुसऱ्या स्विस कंपनीने ८७ अवजारांचा एक राक्षसी चाकू काढून जागतिक विक्रम केला होता. तो काचेच्या कपाटातच शोभतो, आणि काढणाऱ्यांनाही त्याहून अधिक अपेक्षा नसावी.

पकडीच्या मल्टीटूलचा उगम वेगळ्या गरजेत आहे. ओरेगॉनमधील पोर्टलंड येथील टिम लेदरमन हा अभियंता १९७५ साली पत्नीसह एका जुन्या फियाट गाडीतून युरोप व आशियात फिरत होता. गाडी कुरकुरायची, स्वस्त हॉटेलांतले नळ गळायचे, आणि त्याच्याजवळ होता तो बालवीरांच्या धर्तीचा खिशातला चाकू. पाव कापायला तो पुरे, पण नट धरायला नाही. परत गेल्यावर त्याने चाकूत पक्कड बसवण्याचा नाद धरला, १९८० मध्ये पेटंट मिळवले, आणि तरीही अनेक कंपन्यांनी त्याला परत पाठवले. चाकू विकणाऱ्यांना ते हत्यारांचे काम वाटले आणि हत्यारे विकणाऱ्यांना ती एक गंमत वाटली. शेवटी १९८३ मध्ये त्याने मित्राबरोबर स्वतःची कंपनी काढली आणि ‘पॉकेट सर्व्हायव्हल टूल’ बाजारात आणले. त्याने चाकूत पक्कड बसवण्याऐवजी पकडीच्या पोकळ मुठींमध्ये चाकू बसवला, ही त्यातली खरी उलथापालथ होय. मूठ उघडली की पुढे पूर्ण आकाराची पक्कड येते, आणि बाकी सगळे त्या मुठींत घडी होऊन राहते.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो; हाताला मात्र तो लगेच कळतो. मी एका हौशी नाट्यसंस्थेच्या नेपथ्याचे काम पाहतो. प्रयोग संपल्यावर फ्लॅट, म्हणजे देखाव्याच्या उभ्या चौकटी, उतरवायचे म्हणजे जागोजागी पीळ दिलेली बांधणीची तार सोडवायची असते, आणि टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत असतो. तारेचे टोक पिळाच्या आत दडपलेले असते. ते आधी चिमटीने उचलायचे, मग घट्ट धरून उलट दिशेने दोन-तीन वेढे फिरवायचे, तेव्हा पीळ सुटतो. स्विसचॅम्पच्या पकडीची टोके बारीक असल्याने पहिले काम ती सुरेख करते. दुसऱ्या कामात ती हात टेकते. या पकडीचा एक भाग चाकूच्या अंगात बसलेला असतो आणि दुसऱ्या भागाची बारीक, आखूड दांडी बाहेर येते. तीच चाकूच्या अंगाशी दाबून जबडे मिटवायचे असतात. तरफेची एक बाजू अशी आखूड असल्यावर बोटांनी कितीही दाबले तरी जबड्यांवर जोर पोचत नाही, तार निसटते, आणि जास्त बळ लावले तर ती दांडी वाकेल की काय अशी धास्ती वाटते. शिवाय पक्कड एका थरात, म्हणजे चाकूच्या मध्यापासून बाजूला बसलेली असल्यामुळे मनगट फिरवताना संपूर्ण चाकू हातात कलंडतो.

वेव्हच्या दोन्ही मुठी सुमारे १० सेंटिमीटर लांब आहेत आणि दोन्हींवर मुठीचा पूर्ण दाब पडतो. तेच टोक त्याच्या जबड्यात धरले की तार निसटत नाही. सुटलाच तर पीळ सुटतो. तार कापण्यासाठी जबड्यांच्या मुळाशी, टेकूच्या अगदी जवळ कातरणारी धार दिलेली असते, कारण तेथे जोर सर्वांत अधिक मिळतो. वेव्ह प्लसमध्ये तर ही धार बदलता येते, आणि तेही विचारपूर्वकच आहे, कारण स्प्रिंगची किंवा सायकलच्या स्पोकसारखी कडक पोलादी तार कापली की तिच्यात खाचा पडतात. चाकूतल्या पकडीने असली तार कापण्याचा विचारही करू नये. तिची धार मऊ तारेपुरतीच आहे.

स्क्रूच्या बाबतीत मात्र दोघेही सारखेच तोकडे पडतात, आणि हे विक्रेते सांगत नाहीत. प्रेशर कुकरच्या दांडीचा स्क्रू घ्या. तो बेकलाइटच्या खोल खाचेत बसलेला असतो आणि महिना-दोन महिन्यांत ढिला होतो. जाड चाकूचा ड्रायव्हर आखूड असतो व एका कडेला असतो, त्यामुळे तो खाचेत उतरायच्या आतच चाकूचे अंग दांडीवर आदळते. समजा उतरला, तरी स्क्रूचा अक्ष आणि मुठीचा अक्ष वेगळा असल्याने प्रत्येक फेऱ्याला मूठ भोवताली गरगर फिरते. बारीक चाकूत हा दोष कमी असतो, कारण तेथे कुठलेही अवजार मध्यापासून फार दूर जाऊच शकत नाही. वेव्हला चपट्या बिटांचा धारक आहे, परंतु त्याची रुंद मूठही खाचेपाशी अडते, आणि त्या बिटा त्याच कंपनीच्या चपट्या घडणीच्या असल्याने हार्डवेअरच्या दुकानातली साधी षट्कोनी बीट त्यात थेट बसत नाही. घरात ज्याला कुकरची दांडी आवळायची आहे त्याने सरळ एक लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यावा.

आता चाकूची बाजू. त्याची कात्री ही माझ्या मते खिशातल्या कोणत्याही अवजारातली सर्वोत्तम वस्तू आहे. औषधाची पट्टी, दुधाची पिशवी, सुटलेला दोरा, तुटलेले नख, सगळे ती स्वच्छ कापते. वेव्हची कात्री वाईट नाही, पण ती मुठीच्या आतल्या बाजूस असल्याने एक दोरा कापायला आधी संपूर्ण पक्कड उघडावी लागते. व्हिक्टोरिनॉक्सच्या स्वतःच्या पकडीच्या मल्टीटूलमध्ये, म्हणजे स्विसटूलमध्ये आणि त्याच्या आटोपशीर भावंडात, स्पिरिटमध्ये, सगळी अवजारे बाहेरून उघडतात. ज्यांना दोन्हींचे गुण एकत्र हवे आहेत त्यांनी सुमारे २०० ग्रॅमचा स्पिरिट अवश्य हाताळून पाहावा. चाकूची लाकडी करवतही त्याच्या आकाराच्या मानाने फार तिखट असते, आणि अंगठ्याएवढी फांदी ती सहज पार करते. मुठीत सरकवलेला चिमटा काटा काढायला लागतोच, आणि सह्याद्रीत करवंदाच्या जाळीतून गेलेल्या माणसाला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. स्विसचॅम्पमधले भिंग चाळिशी ओलांडलेल्यांना तो काटा दाखवते. माशाचे खवले काढायचे पातेही त्यात आहे; कोकणात मात्र ते काम विळीच करते.

खाण्याचा मुद्दा मला सर्वांत मोठा वाटतो आणि त्याची चर्चा क्वचितच होते. पकडीचे मल्टीटूल ज्या कामांसाठी घेतले जाते त्यांत ग्रीस, गंज, रंग आणि धूळ असते. तीच मूठ, तीच फट आणि तेच पाते घेऊन पेरू कापणे मला जमत नाही. चाकूचे पाते फळे, काकडी आणि पाव यांच्यासाठी राखून ठेवता येते, आणि प्रवासात त्याचा नव्वद टक्के उपयोग तोच असतो.

पकडीच्या मल्टीटूलचे इतर दोषही सांगायला हवेत. वेव्ह प्लस २४१ ग्रॅमचे आहे. ते पँटच्या खिशात टाकले तर खिसा लोंबतो, म्हणून ते पट्ट्याला पाउचमध्ये लावावे लागते, आणि पट्ट्याला असले काही लावून कार्यालयात जाणारा माणूस लोकांना विद्युत मंडळातून आल्यासारखा दिसतो. आरंभीच्या मल्टीटूलच्या मुठी पत्रा दुमडून केलेल्या होत्या आणि जोर लावला की त्यांच्या कडा तळहातात रुतत. पुढे कडा गोल झाल्या आणि १९९८ च्या वेव्हने पाती बाहेरच्या अंगाला आणून ती एका हाताने उघडण्याची सोय केली. एक गोष्ट मात्र अजूनही तशीच आहे आणि ती जिवाशी संबंधित आहे. या मुठी उघड्या पोलादाच्या असतात, त्यांवर विजेपासून बचाव करणारे आवरण नसते. आपल्या घरातल्या २३० व्होल्टच्या वायरींना हात घालायचा असेल तर मेन स्विच बंद करावा आणि रबरी मुठींची साधी पक्कड घ्यावी. स्विसचॅम्पच्या मुठी वरून प्लास्टिकच्या दिसतात खऱ्या, पण आतून सगळे धातूचेच आहे, तेव्हा त्या भरवशावरही राहू नये.

बाळगण्याच्या नियमांतही दोघांत फरक पडतो. विमानाच्या केबिनमध्ये दोन्ही चालत नाहीत. ती चेक-इन सामानातच टाकावीत, नाही तर सुरक्षा तपासणीत त्यांचा कायमचा निरोप घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे घडीचे, खटका नसलेले आणि तीन इंचांपर्यंत धार असलेले पाते जवळ बाळगता येते, मात्र उघडल्यावर खटक्याने अडकणारे पाते योग्य कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगणे गुन्हा ठरतो. ९१ मिलिमीटरचा लाल चाकू पहिल्या गटात बसतो आणि वेव्हसारखी बहुतेक आधुनिक मल्टीटूल दुसऱ्यात. खटका हा सुरक्षिततेसाठी असतो, जोर लावताना पाते बोटांवर मिटू नये म्हणून असतो, हे तेथील पोलिसाला समजावत बसण्यात अर्थ नाही.

मग लठ्ठ चाकू कोणी घ्यावा? ज्याची कामे नाजूक आणि नाना प्रकारची आहेत, पण जोराची नाहीत, त्याने. घड्याळ-चश्मा-रेडिओ उघडून बसणारे निवृत्त गृहस्थ, टेबलाच्या खणात एकच वस्तू ठेवू इच्छिणारा कारकून, किंवा लांबच्या प्रवासाला निघालेला, ज्याला कात्री, करवत, चिमटा आणि छोटीशी पक्कड हे सारे थोडे-थोडे लागेल असा माणूस. त्यांना स्विसचॅम्प मनापासून आवडतो आणि त्यांचे चूक नाही. बाकीच्यांना मी हंट्समन सुचवतो, कारण त्यात कात्री आणि करवत दोन्ही आहेत आणि तो खिशात असल्याचे विसरायला होते. त्याच्या जोडीला पिशवीत किंवा गाडीच्या डिकीत एक पकडीचे मल्टीटूल ठेवावे. वजन खटकत असेल तर लेदरमनचेच १४२ ग्रॅमचे स्केलेटूल आहे. त्यात पक्कड, पाते आणि बीट धारक यांपलीकडे फारसे काही नाही, आणि तेवढ्यात बहुतेकांचे भागते.

रस्त्यावर मिळणाऱ्या नकला मात्र टाळाव्यात. नकली चाकूचे पाते निदान बोथट होऊन गप्प बसते. नकली पकडीचा जबडा जोरात असताना तुटतो आणि बोटे मुठींच्या मध्ये चेंगरतात. दुकानात घेताना जबडे मिटून उजेडासमोर धरावेत. टोकांत फट दिसली तर ते परत ठेवावे. पावसाळ्यात, विशेषतः किनारपट्टीवर, स्टेनलेस पोलादही पकडीच्या सांध्यापाशी तांबूस पडते, म्हणून कोमट पाण्यात उघडझाप करून मळ काढावा, पूर्ण कोरडे करावे आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. फळे कापायच्या पात्याला ते तेल लागू देऊ नये, आणि स्वयंपाकघरातले गोडे तेलही सांध्यात घालू नये, कारण काही महिन्यांनी ते चिकट होऊन सांधा आखडतो. कात्रीची चिमुकली स्प्रिंग कधी तरी मोडतेच; ती सुटी मिळते आणि घरी बसवता येते.