कानाने वाचायचं गाव

थिएटरमधून बाहेर पडताना जिन्यावर कुणीतरी म्हणतंच, "बरा होता, पण पुस्तकाची सर नाही." आपल्याकडे हे वाक्य पुस्तक न वाचताही खपून जातं. मेक्सिकोच्या हुआन रुल्फो या लेखकाच्या बाबतीत मात्र एकदा प्रेक्षकांची पंचाईत झाली असणार. त्याच्या 'सोन्याचा कोंबडा' या गोष्टीवरचा सिनेमा आला १९६४ साली आणि ती गोष्ट पुस्तकरूपाने छापली गेली १९८० साली. सोळा वर्षं नाक मुरडायला पुस्तकच नव्हतं.

रुल्फोने उभ्या आयुष्यात छापलं तरी किती? १९५३ साली एक कथासंग्रह, १९५५ साली 'पेद्रो पारामो' ही सडपातळ कादंबरी आणि मागाहून ही कोंबड्याची गोष्ट. एवढ्याशा ऐवजावर सिनेमावाले मात्र १९५०च्या दशकापासून तुटून पडलेत. वरवर पाहिलं तर मोह पडण्यासारखंच आहे सगळं. हालिस्को प्रांताचा भाजून निघालेला मुलूख, टोपीवाले शेतकरी, खून, जत्रा, नवस, पायाला सुरी बांधलेले झुंजीचे कोंबडे. कॅमेरा नुसता लावायचा अवकाश. शिवाय रुल्फो स्वतः उत्तम फोटो काढायचा.

आणि इथेच सगळे फसतात. फोटो काढणाऱ्या या माणसाने लिहिताना डोळे जवळजवळ मिटून घेतलेत. त्याचं गाव दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त येतं. पेद्रो पारामोचे नाक-डोळे कसे होते, हे कादंबरी संपली तरी मला सांगता येत नाही. पण कादंबरीतल्या कोमाला गावात कोण कुठल्या भिंतीआडून काय पुटपुटलं, ते पक्कं लक्षात आहे. हुआन प्रेसियादो आईच्या शब्दाखातर बापाला, म्हणजे पेद्रो पारामोला, शोधायला तिथे येतो, माणसांशी बोलतो, आणि अर्ध्या वाटेवर वाचकाला कळतं की हा आपल्याला जे सांगतोय ते कबरीतून सांगतोय. त्याच कबरीत गावातली दोरोतेआ पुरलेली आहे. दोघं पडल्या पडल्या पलीकडच्या कबरीतल्या बाईची बडबड ऐकतात आणि तिच्याबद्दल बोलतात. चाळीतल्या बायका भिंतीला कान लावून जसं बोलतील, अगदी तसं.

आता हे पडद्यावर दाखवायचं कसं? पुस्तकात आवाज आला की तो जिवंताचा की मेलेल्याचा, हे विचारायची गरज पडत नाही. सिनेमात तिथे कुणीतरी नट उभा करावाच लागतो आणि त्याच्या अंगावर खरा सदरा असतो. दिग्दर्शक कार्लोस वेलोने १९६७ साली पेद्रो पारामोच्या जागी जॉन गॅव्हिनला उभा केला. हिचकॉकच्या 'सायको'तला नायिकेचा तो देखणा प्रियकर, तोच हा. गाव गिळंकृत करणारा जमीनदार म्हणून तो मला काही केल्या पटत नाही. पुढे हे गृहस्थ रेगनच्या काळात अमेरिकेचे राजदूत म्हणून मेक्सिकोत आले. रुल्फोलाही असा शेवट सुचला नसता.

रोद्रिगो प्रिएतोचा 'पेद्रो पारामो' नेटफ्लिक्सवर २०२४ साली आला. प्रिएतो मूळचा कॅमेरामन, हॉलिवूडच्या स्कोर्सेसीकडे काम केलेला, आणि दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच सिनेमा. अंधार सुंदर आहे. धूळ सुंदर आहे. मान्वेल गार्सिया-रुल्फो हा लेखकाच्याच नात्यातला नट मुख्य भूमिकेत आहे आणि तो चांगला आहे. पुस्तकाशी इमान तर इतकं की बोट ठेवायला जागा नाही. तरीही पाहताना सारखं वाटत राहतं की वर्गातला हुशार मुलगा धडा पाठ म्हणून दाखवतोय. पुस्तकात आपण चाचपडतो. इथे प्रत्येक खोलीत आधीच कुणीतरी दिवा लावून ठेवलाय.

कोंबड्याच्या गोष्टीचं वेगळं. ती रुल्फोच्या इतर लिखाणाच्या मानाने सरळ चालते. दिओनिसिओ हा गावात दवंडी पिटणारा, एका हाताने अधू. झुंजीत अर्धमेला झालेला कोंबडा तो मागून घेतो, मान तेवढी वर ठेवून जमिनीत पुरतो आणि जगवतो. कोंबडा सावरतो आणि त्याच सुमारास आई जाते. पेटीला पैसे नाहीत. दाराच्या कुजक्या फळ्या ठोकून तो पेटी करतो आणि एकटाच निघतो, तर रस्त्यावरची माणसं हसतात. त्यांना वाटतं, हा कुठलं तरी मेलेलं जनावर टाकायला चाललाय.

रोबेर्तो गावाल्दोनच्या १९६४च्या सिनेमासाठी पटकथेला कार्लोस फुएन्तेस आणि गाब्रिएल गार्सिया मार्केझ, कॅमेऱ्यावर गाब्रिएल फिगेरोआ आणि गायला लुचा बिया. इतकी बडी मंडळी जमल्यावर गरिबीलाही लग्नघराची कळा येते. रंग झगझगीत, गाणी झकास, आणि ती फळ्यांची पेटी त्या झगमगाटात हलकी होऊन जाते. आर्तुरो रिपस्टीनने हीच गोष्ट पुन्हा केली, १९८६ साली, म्हणजे रुल्फो गेला त्याच वर्षी. त्यात सगळं कळकट आहे, नशीबसुद्धा. मला हाच आवडतो.

पण सगळ्यात कठीण कथा कुठली, तर कुत्र्यांची. एक बाप रात्री चांदण्यात जखमी पोराला खांद्यावर घेऊन तोनाया गावाकडे निघालाय. पोरगा वाया गेलेला, दरोडेखोर. त्याचे हात बापाच्या डोक्याला असे गच्च आवळलेत की बापाचे कान बंद झालेत. गाव जवळ आलं की कुत्री भुंकतील, पण ती ऐकायची कुणी? म्हणून बाप पुन्हा पुन्हा विचारतो, काही ऐकू येतंय का? मधून मधून त्याला शिव्याही घालतो, आणि चालत राहतो. गावात पोहोचून पोराची बोटं सोडवतो तेव्हा चहूकडून भुंकणं कानावर येतं. मग तो पोराला म्हणतो की एवढी आशासुद्धा तू मला दिली नाहीस.

वाचताना आपलेही कान त्या पोराच्या हातांनी झाकलेले असतात. फ्रान्स्वा राइशेनबाख या फ्रेंच दिग्दर्शकाने १९७५ साली यावर सिनेमा केला आणि संगीत घेतलं व्हँजेलिसचं. व्हँजेलिस थोर माणूस, पण ज्या गोष्टीत एक कुत्रं भुंकेल म्हणून जीव टांगणीला लागलाय तिथे सिंथेसायझर कशाला?

रुबेन गामेस मात्र शहाणा निघाला. १९६५ साली 'ला फोर्मुला सेक्रेता' करताना त्याने रुल्फोची गोष्ट घेतलीच नाही. बिनकथेची, चक्रम वाटणारी चित्रं जुळवली आणि रुल्फोकडून त्यांच्यासाठी मजकूर लिहून घेतला. तो मजकूर हाइमे साबिनेस या कवीने वाचला. पडद्यावर शेतकरी कॅमेऱ्याकडे बघत गप्प उभे आणि बोलणारा भलताच कुणी. तोंड एकाचं, आवाज दुसऱ्याचा. कोमालात तरी दुसरं काय चालतं?

रुल्फोच्या मुलाने, हुआन कार्लोसने, १९९९ साली एक माहितीपट केला. बापाच्या मुलखात जाऊन त्याने म्हाताऱ्याकोताऱ्यांना वडिलांच्या आठवणी विचारल्या. एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही, कुणी भलत्याचंच सांगतो, कुणाला आठवतच नाही पण बोलायची हौस दांडगी. यात कुठल्याही कथेचं रूपांतर नाही, तेव्हा रुल्फोच्या गोष्टींवरच्या सिनेमांच्या यादीत हा बसणार नाही. मी तरी तो सगळ्यात वर ठेवेन, रिपस्टीनच्याही वर.